शिवणकाम करणाऱ्या हातांसाठी कोणती केमो?

स्तनाच्या ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डापेक्षाही महत्त्वाचा कागद मागाहून येतो. काढलेला स्तन आणि काखेतल्या ग्रंथी पॅथॉलॉजीकडे जातात आणि तिथून जो अहवाल येतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. माझा अहवाल आला तेव्हा काखेतली नळी नुकतीच निघाली होती आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी इचलकरंजीत राहते. वीसेक वर्षं ब्लाऊज शिवते, घरीच मुलींचे शिवणक्लास घेते. हे एका सायझिंगमध्ये, म्हणजे मागाच्या सुताला खळ देणाऱ्या कारखान्यात, कामाला आहेत. ऑपरेशन कोल्हापुरात झालं. वय ४७, पाळी चालू होती. पाळीचा मुद्दा इथेच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा निर्णय त्याच्याभोवती फिरला.

अहवालात लिहिलं होतं: गाठ २.८ सेंटीमीटर, ग्रेड २ (पेशी किती आक्रमक दिसतात याचा मधला दर्जा), काखेतल्या १७ ग्रंथींपैकी २ मध्ये कॅन्सर. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनांच्या जोरावर वाढणारी गाठ. आणि हर-टू '२+'. हर-टू हे पेशीवरचं एक प्रथिन. ० किंवा १+ आलं तर निगेटिव्ह धरतात, ३+ आलं तर पॉझिटिव्ह. २+ म्हणजे अधांतरी. तेव्हा त्याच गाठीच्या तुकड्यावर फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. ती पॉझिटिव्ह निघाली असती तर केमोबरोबर हर-टूवरच मारा करणाऱ्या ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं आणि तीही साधारण वर्षभर. त्या अहवालाची वाट पाहण्यात जो वेळ गेला तो ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपेक्षा जड गेला. अहवाल निगेटिव्ह आला.

घरात वेगळाच सूर होता. सासूबाई म्हणाल्या, "आगं, गाठ काढली न्हवं? मग आता ह्ये औषिद कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. मीही डॉक्टरांना तोच विचारला. त्यांनी सांगितलं की गाठ काखेपर्यंत पोचली होती, म्हणजे एखादी पेशी रक्तातून आणखी कुठे जाऊन बसली असण्याची शक्यता आहे. ती कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. ऑपरेशननंतरची केमो त्या न दिसणाऱ्या पेशींसाठी. त्यामुळे एक अडचण अशी होते की औषध लागू पडतंय की नाही, हे बघायला समोर गाठच नसते. फायदा आधीच्या हजारो बायकांच्या अनुभवावरून मोजायचा.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी कागदाच्या मागच्या बाजूला दोन पर्याय लिहून दिले. पहिला 'एसी-टी': डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड ही जोडी चार वेळा, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा वेळा. दुसरा 'टीसी': डोसेटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फमाइड, दर २१ दिवसांनी, चार ते सहा वेळा. "मी पहिला सुचवेन, पण दुसराही चुकीचा नाही. दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. जखम भरली की चार ते सहा आठवड्यांत आपण सुरू करतो, तीन महिन्यांच्या पलीकडे मात्र जाऊ द्यायचं नाही." हे त्यांनी आपणहून सांगितलं याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे. कितीतरी बायकांना वाटतं की दुसरं मत विचारलं तर डॉक्टर रागावतील आणि आठवडाभर थांबलं तर आजार पसरेल.

मधल्या काळात पुण्याच्या नणंदेचा फोन आला. तिच्या ओळखीत एका बाईंची जनुकीय टेस्ट केली होती आणि त्यांना केमो घ्यावीच लागली नाही. गाठीतली २१ जनुकं तपासून ० ते १०० मध्ये स्कोअर देणारी ऑन्कोटाइप डीएक्स ही ती टेस्ट. नमुना अमेरिकेला जातो, खर्च लाखांच्या घरात. बेंगळुरूची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही टेस्ट आहे, ती त्यापेक्षा स्वस्त. नणंद म्हणाली, "वहिनी, पैशाचं आम्ही बघतो, पण केमो टळत असेल तर टाळ." मला तर हा देवाचा कौलच वाटला. तो प्रश्न मनात धरूनच आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो आणि दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो.

टाटाबद्दल काय लिहू? १९४१ साली सुरू झालेलं हे हॉस्पिटल. तिथल्या ओपीडीत बसलं की भारताचा नकाशा समोर बसल्यासारखा दिसतो. शेजारी बिहारची बाई, पलीकडे आसामचं कुटुंब, मागे नांदेडचे आजोबा. बाहेर फुटपाथवर चादर अंथरून राहिलेले लोक. आमची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली, म्हणून आम्ही नशीबवान. संध्याकाळी तिथे सगळ्या बायका एकमेकींना अहवाल दाखवत बसायच्या. कोणाचा ग्रेड किती, कोणाला लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) झालं, कोणाचं पांढरं चालू आहे, कोणाचं काउंट घसरलं. त्या गप्पांतून मी जेवढं शिकले तेवढं मोबाइलवर वाचून शिकले नसते. एक गोष्ट तिथेच पक्की कळली: दोघींना 'ब्रेस्ट कॅन्सर'च झाला असला तरी दोघींची केमो एकच असेल असं नाही.

तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळे कागद परत वाचले, आमच्याकडच्या पॅथॉलॉजीच्या काचा त्यांच्याकडे पुन्हा तपासायला घेतल्या. जनुकीय टेस्टचा विषय मी काढला तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "पाळी चालू आहे ना?" मग समजावून सांगितलं. आरएक्सपॉन्डर नावाचा एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्याच, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत एक ते तीन ग्रंथी असलेल्या आणि त्या टेस्टचा स्कोअर २५ किंवा त्याहून कमी आलेल्या पाच हजारांवर बायका त्यात होत्या. पाळी गेलेल्या बायकांना केमोचा जास्तीचा काही फायदा दिसला नाही. त्यांची केमो खरोखर टळली. पण पाळी चालू असलेल्या बायकांत, केमो आणि हार्मोनची गोळी दोन्ही घेतलेल्या १०० पैकी जवळपास ९४ जणी पाच वर्षांनी आजाराशिवाय होत्या, नुसत्या हार्मोनच्या उपचारावर ८९. "यातला काही फायदा केमोमुळे अंडाशयं बंद पडतात म्हणूनही असेल, त्यावर अजून अभ्यास चालू आहेत. पण तुमचा स्कोअर जास्त आला तर मी केमो सांगणार आणि कमी आला तरी केमोच सांगणार. मग ताई, एवढे पैसे कशाला घालवता?"

नणंदेच्या ओळखीच्या बाई साठीच्या होत्या. टेस्ट चांगलीच आहे, त्या बाईंना तिने मोठ्या त्रासातून वाचवलं. माझा प्रश्न मात्र ती सोडवणार नव्हती.

मग मी विचारलं, "माझ्यासारख्या शंभर जणी धरल्या तर केमोने किती जणींचं भलं होतं?" हा प्रश्न मला धर्मशाळेतल्या एका शिक्षिका बाईंनी शिकवला होता. डॉक्टरांनी संगणकावर प्रेडिक्ट नावाचं ब्रिटनमध्ये तयार झालेलं गणित उघडलं, वय, गाठीचा आकार, ग्रेड, ग्रंथी सगळं भरलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. दहा वर्षांचा हिशेब होता. नुसत्या ऑपरेशनने किती जणी, त्यावर हार्मोनच्या गोळीने आणखी किती, आणि त्याच्यावर केमोने आणखी किती. केमोचा वाटा शंभरात चार-पाच जणींचा. मला वाटलं होतं निम्म्या तरी असतील! ऑपरेशनने आणि साध्या गोळीने मोठं काम आधीच झालेलं असतं, हे त्या पट्ट्यांनी मला दाखवलं. चार-पाच हा आकडा एखादीला थोडा वाटेल आणि ती नको म्हणेल. तिचंही मी बरोबरच मानते. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. मला त्या चार-पाचांत उभं राहायचं होतं.

आता एसी-टी की टीसी. डॉक्टर दुष्परिणाम वाचत गेल्या: केस, उलट्या, तोंड येणं, पांढऱ्या पेशी घटणं. मी मान हलवत होते. "आणि पॅक्लिटॅक्सेलने हातापायांची बोटं बधिर होतात," असं म्हटल्यावर मी थांबवलं. "कायमची?" त्या म्हणाल्या, बहुतेक जणींची महिन्यांत कमी होते, काहींची थोडी राहते. "मी शिवणकाम करते, डॉक्टर. हुक लावणं, हातशिलाई, सुई ओवणं, सगळं बोटांच्या टोकांवर आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. तिथून पुढचं बोलणं बदललं. तोपर्यंत त्या आजाराबद्दल बोलत होत्या, आता माझ्याबद्दल बोलू लागल्या. माझं आवर्जून सांगणं आहे की आपण दिवसभर हातांनी काय करतो ते डॉक्टरांना सांगावं. तबला वाजवणारी असेल, दागिने घडवणारी असेल, दिवसभर टायपिंग करणारी असेल. डॉक्टरांच्या कागदावर 'गृहिणी' एवढंच असतं.

त्यांनी सगळं मांडलं. दर आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांनी एकदा देण्यापेक्षा जास्त गुणकारी, हे २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण त्याच अभ्यासात साप्ताहिक डोस घेणाऱ्या शंभरातल्या सत्तावीस जणींना कामात अडचण येईल इतपत बधिरता आली होती. डोसेटॅक्सेलने बधिरता त्यामानाने कमी, पण पांढऱ्या पेशी जास्त घसरतात, नखं खराब होतात, अंगावर सूज येते आणि प्रत्येक वेळी तीन दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. स्टेरॉइडने साखर वाढते, आणि माझे वडील मधुमेही, माझी साखर काठावर. शिवाय टीसीमध्ये हृदयाला जपून द्यावं लागणारं डॉक्सोरुबिसिन नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. मग डॉक्सोरुबिसिन घ्यायचंच का? कारण २०१७ च्या अमेरिकन अभ्यासांत डॉक्सोरुबिसिनवाल्या गटात चार वर्षांनी शंभरामागे दोन-तीन जणी जास्त आजारमुक्त होत्या. उलट जर्मनीतल्या अभ्यासात दोन्ही सारखेच ठरले. माझ्यासारख्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि थोड्या ग्रंथींच्या, बायकांत फरक असलाच तर लहान. "दोन्हीतलं कोणतंही निवडलंत तरी मी तुम्हाला अडवणार नाही," त्या म्हणाल्या.

खरं सांगायचं तर अशा वेळी डॉक्टरांनी दटावून एकच सांगावं असं वाटतं. धर्मशाळेच्या गॅलरीत आम्ही दोघं उशिरापर्यंत बसलो होतो. हे म्हणाले, "तुझे हात राहिले तर घर चालेल. पण तू राहिलीस तर हात." मी एसी-टी निवडली, पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या एका अटीसकट: पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं की दर आठवड्याला बोटं तपासायची आणि काम अडू लागलं तर मात्रा कमी करायची किंवा थांबवायचं. एकदा सुरू केलेली केमो जशीच्या तशी शेवटपर्यंत घ्यावीच लागते, असं नसतं. ही अट ऐकून माझं मन शांत झालं.

केमो कोल्हापुरातच घेतली. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत नाव होतं. रेशनकार्ड, आधारकार्ड, अहवालांच्या झेरॉक्स घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीशी उभं राहायचं, मंजुरी आली की औषध. पोर्ट (औषध थेट मोठ्या शिरेत सोडायची कातडीखालची छोटी डबी) आणि काही तपासण्या यांचे पैसे खिशातून गेले. उजव्या बाजूचं ऑपरेशन, म्हणून त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टाही नाही, नाहीतर हात सुजू शकतो, असं सांगितलं होतं. आणि डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. म्हणून डाव्या बाजूला छातीच्या कातडीखाली पोर्ट बसवला. आधी हृदयाचा टूडी इको झाला.

माझी उंची आणि वजन घेऊन सिस्टरने अंगाचं क्षेत्रफळ काढलं तेव्हा मला गंमत वाटली: अंगभर कापड किती लागेल याचाच हिशेब की हा! माझं १.६ चौरस मीटर आलं. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे मला ९६. या औषधाची आयुष्यभराची मर्यादा असते, चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदयाला धोका वाढतो. चार डोसांत चौरस मीटरमागे २४० होतात. हा हिशेब डॉक्टरांनी मांडून दाखवला आणि हृदयाची धास्ती गेली.

औषध लालभडक असतं, लघवीही एक-दोन दिवस लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर बाई रक्त समजून घाबरते. उलट्यांची मला फार भीती होती, पण आता त्यावर इतकी चांगली औषधं आहेत की एकदाही भडभडून उलटी झाली नाही. तोंडाला लोखंडासारखी चव मात्र यायची. ज्वारीची पातळ आंबील आणि ताजं ताक एवढंच घशाखाली उतरायचं. शेजारच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी गोमूत्र अर्क. प्रेमानेच आणलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की केमो चालू असताना यकृतावर दुसरा कसला भार नको.

दुसऱ्या डोसानंतर दहाव्या दिवसाच्या आसपास रात्री ताप आला, १००.८. सूचना कागदावर ठळक होती: १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, घरी पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही. त्याच रात्री भाड्याची गाडी करून कोल्हापूर गाठलं. पांढऱ्या पेशी हजाराच्या खाली होत्या. शिरेतून अँटिबायोटिक दिलं, काही दिवस आत ठेवलं. पुढच्या डोसांपासून केमोच्या दुसऱ्या दिवशी पेगफिलग्रास्टिमचं इंजेक्शन सुरू झालं, ते पांढऱ्या पेशी वाढवतं. हाडं ठणकायची, पण ताप पुन्हा आला नाही. घरात चालणारा थर्मामीटर ठेवणं ही केमोच्या तयारीतली पहिली वस्तू समजा.

केस पहिल्या डोसानंतर तिसऱ्या आठवड्यात गेले. जुन्या मऊ सुती साडीच्या मी टोप्या शिवल्या, शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवून, कारण उघड्या टाळूला शिवणीचा काठ टोचतो. माझ्या टोप्या बघून वॉर्डातल्या बायकांनी मागितल्या. बसल्या बसल्या कितीतरी शिवल्या.

मग पॅक्लिटॅक्सेल. लाल औषधाच्या मानाने हलकं गेलं. आधी अ‍ॅव्हिल आणि स्टेरॉइड देतात, कारण पहिल्या एक-दोन वेळी काही मिनिटांत अ‍ॅलर्जी उठू शकते. मला नुसती झोप यायची. औषध चालू असताना दोन्ही हात फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या पिशव्यांत धरून बसायचे. थंडीने बोटांकडे रक्त कमी जातं, म्हणून औषधही कमी पोचतं, असा त्यामागचा विचार. डॉक्टर म्हणाले, अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण सोसत असेल तर करा.

सहाव्या डोसानंतर टोकांना मुंग्या येऊ लागल्या. आठव्या-नवव्याच्या सुमारास बॉबिनचा दोरा बोटांत धरलाय की नाही हे बघितल्याशिवाय कळेना. हुक लावताना सुई टोचली तरी समजायचं नाही, कापडावर रक्ताचा ठिपका दिसल्यावर कळायचं. भावाने 'नसांची ताकद' म्हणून कार्निटिनच्या कॅप्सूल आणून दिल्या. घेण्याआधी विचारलं ते बरं झालं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात पॅक्लिटॅक्सेलसारखी औषधं घेणाऱ्या बायकांची बधिरता असिटिल-एल-कार्निटिनने उलट वाढलेली आढळली होती.

मी अटीचा कागद काढून डॉक्टरांपुढे ठेवला. आधी मात्रा कमी केली. तरी वाढतच गेलं, तेव्हा शेवटचे दोन डोस सोडून द्यायचं आम्ही मिळून ठरवलं. मला रडू आलं. बारा पूर्ण झाले नाहीत म्हणजे आजार परत येईल का, हा प्रश्न मी फोन करून पुन्हा पुन्हा विचारला आणि डॉक्टरांनी दर वेळी न कंटाळता उत्तर दिलं: औषधाचा बहुतेक भाग शरीरात गेला आहे, आणि पुढे वर्षानुवर्षं चालणारी हार्मोनची गोळी तुमच्या आजारात मोठं काम करणार आहे.

औषध थांबल्यावरही काही आठवडे बधिरता वाढत जाऊ शकते, हे आधी ठाऊक होतं म्हणून धीर सुटला नाही. मग हळूहळू ओसरली. आज हातांच्या बोटांची जाणीव जवळपास पूर्ण आली आहे, पायाच्या अंगठ्यांची थोडी बाकी आहे. मशीनचं सगळं काम मी करते. बारीक हातशिलाई क्लासमधल्या मुलींना देते, तिचे पैसे त्यांना मिळतात. ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आतून खिसा असलेले ब्लाऊज शिवायला घेतलेत. खिशात कृत्रिम स्तन नीट बसला पाहिजे आणि वाकल्यावर पुढे येता कामा नये, त्यासाठी टक्स कुठे घ्यायचे हे अंगावर घालून बघितल्याशिवाय जमलं नसतं.

तीन आठवड्यांची रेडिएशन झाली. टॅमॉक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. केमोत गेलेली पाळी परत आलेली नाही, पण रक्ताच्या तपासणीत अंडाशयं पूर्ण थांबलेली नाहीत असं दिसतं. त्यामुळे आता पुढचा पर्याय समोर आहे: टॅमॉक्सिफेनच चालू ठेवायचं, दर २८ दिवसांनी इंजेक्शन घेऊन अंडाशयं बंद ठेवायची आणि गोळी बदलायची, की एकदाच ऑपरेशन करून ती काढून टाकायची. हाडं ठिसूळ होण्याचा मुद्दा त्यात आहे, म्हणून आधी डेक्सा स्कॅन करायचा आहे. पुढच्या भेटीसाठी वहीत पहिला प्रश्न लिहून ठेवलाय: माझ्यासारख्या शंभर जणींमध्ये याने किती जणींचं भलं होतं?